हूड डिशवॉशरमधून भांडी नीट निघत नाहीत? पॅनेल उघडण्याआधी हे बघा

मशीन ठप्प झालं तर एका अर्थी बरं. वीज गेलीय, पाणी गेलंय किंवा काहीतरी जळलंय, आणि मेकॅनिकला लगेच फोन जातो. खरा त्रास देतं ते चालू मशीन. हूड खाली येतो, दिवे लागतात, आत पाणी आपटल्याचा आवाज येतो, पण बाहेर आलेल्या ताटाला भात चिकटलेला, ग्लासवर पांढरट थर, वाट्या ओल्याच. मग डिशवॉशवाला केमिकलला नावं ठेवतो, केमिकलवाला पाण्याला, आणि प्लंबर म्हणतो मशीनच जुनं झालं. या भांडणात आठवडा जातो आणि ताटं पुन्हा हातानं घासली जातात.

हॉटेल, कॅन्टीन किंवा हॉस्टेलच्या मेसमध्ये डिशवॉशवर किंवा मेंटेनन्सला नव्यानं लागलेल्यांसाठी हे लिहितो आहे. यातलं मशीन म्हणजे वरून हूड खाली ओढायचं, ५० बाय ५० सेंटिमीटरचा रॅक आत सरकवायचं मशीन. काउंटरखालच्या छोट्या मशीनलाही बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात.

आधी हे डोक्यात पक्कं करा: मशीनमध्ये दोन पाणी असतात

नवीन माणसाला वाटतं की नळाचं पाणी आत येतं, भांडी धुतं आणि निघून जातं. तसं नाही. खालच्या टाकीत २०-४० लिटर पाणी भरलेलं असतं. त्यात डिटर्जंट मिसळलेलं असतं आणि ते ५५ ते ६५ अंश सेल्सिअसवर तापलेलं असतं. पंप हेच पाणी उचलून वॉश आर्ममधून भांड्यांवर मारतो. ते पुन्हा टाकीत पडतं आणि पुढच्या रॅकलाही तेच वापरलं जातं.

दुसरं पाणी बॉयलरमधलं. ते ताजं असतं, ८२ ते ८५ अंशांवर असतं आणि सायकलच्या शेवटच्या काही सेकंदांत वेगळ्या, बारीक आर्ममधून फवारलं जातं. हे रिन्स. एका रॅकला साधारण दोन ते तीन लिटर. ते खाली टाकीत पडतं, तेवढंच जुनं पाणी उभ्या ओव्हरफ्लो पाइपवरून ड्रेनमध्ये जातं, आणि टाकी थोडी थोडी ताजी होत राहते.

आता तक्रार ऐकली की स्वतःला पहिला प्रश्न विचारायचा: दोष कुठल्या पाण्याचा? अन्न चिकटलेलं राहिलं, तुपाचा तवंग राहिला तर बहुधा टाकीच्या पाण्याचा. भांडी स्वच्छ आहेत पण ओली, पांढरी, डागाळलेली किंवा थंड आहेत तर रिन्सच्या पाण्याचा. एवढी वाटणी केली तरी निम्मं काम होतं. ती न करता डिटर्जंटचा डोस वाढवत बसण्याची पद्धत सगळीकडे दिसते, आणि तिनं पैसे सोडून काहीच जात नाही.

हात घालण्याआधी

मशीनच्या शेजारी भिंतीवर मेन स्विच असतो. टाकीत हात घालायचा असो वा पॅनेल उघडायचं असो, आधी तो बंद. मशीनवरचं बटण बंद केलं म्हणजे आतली वीज गेली असं समजू नका. मशीनचं डिटर्जंट तीव्र अल्कली असतं, कातडी आणि डोळा दोन्ही जाळतं; कॅन बदलताना रबरी हातमोजे आणि गॉगल लावा. डोळ्यात उडालंच तर १५ मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि डॉक्टरकडे जा.

पॅनेलच्या आतली कामं, म्हणजे फेज, काँटॅक्टर (हीटरला-पंपाला वीज जोडणारा-तोडणारा स्विच), हीटरची मापं, ही वायरमनची किंवा सर्व्हिसवाल्याची. ती खाली दिली आहेत ती त्यांना काय विचारायचं हे तुम्हाला कळावं म्हणून. आणखी एक सवय मोडायला हवी: रात्री किचन धुताना नळी मारून मशीनही बाहेरून धुणं. पाठीमागचं पॅनेल धबधब्यासाठी बनवलेलं नसतं.

पायरी १: एक सायकल नुसती बघा

मशीनचं रेटिंग आणि मॅन्युअलमधले आकडे जवळ ठेवा. मळकी ताटं लावलेला एक रॅक आत घाला आणि सायकल चालू असताना तिथेच उभे राहा. टाकीचं आणि बॉयलरचं तापमान पॅनेलवर किती दिसतं ते लिहा. सायकलला किती वेळ लागला तो मोबाइलवर मोजा. पंपाचा आवाज भरदार आहे की घोगरा, ते ऐका. रिन्सच्या वेळी आवाज बदलतो, तो बदलला का? हूड उचलल्यावर वाफेचा लोट आला का?

चांगलं चालणाऱ्या मशीनमधली चिनी मातीची प्लेट बाहेर आल्या आल्या धरवत नाही आणि मिनिटभरात आपोआप सुकते. प्लेट कोमट असेल तर तुम्हाला अर्धं उत्तर मिळालं.

मशीन सुरूच होत नसेल तर या गोष्टी झटपट बघा: एमसीबी पडलाय का, पाण्याचा कॉक उघडा आहे का, हूड पूर्ण खाली बसतोय का (त्यात चुंबकाचा स्विच असतो, रॅकचा कोपरा अडला तरी तो जुळत नाही), आणि ओव्हरफ्लो पाइप जागेवर आहे का. साफसफाईनंतर हा पाइप बाजूला राहतो, आलेलं पाणी ड्रेनमध्ये निघून जातं, आणि मशीन टाकी भरायची वाट बघत बसतं. पाइपच्या बुडाची रबरी रिंग फाटली असेल तरी हेच होतं.

पायरी २: अन्न चिकटून राहतं

आधी जाळ्या. टाकीवरची सपाट जाळी आणि पंपाच्या तोंडाची जाळी काढा, उलट्या करून ब्रशनं धुवा. मग वॉश आर्म खोला आणि प्रत्येक भोकातून उजेड दिसतोय का ते बघा. लिंबाची बी, टूथपिकचा तुकडा, भाताचं शीत, काचेचा कण, यांतलं काहीतरी निघतंच. आर्म हातानं फिरवा. तो सहज फिरून हळूहळू थांबायला हवा. वरचा आर्म एखाद्या उंच भांड्याला अडत असेल तर भांडी लावण्याची पद्धत बदला.

टाकीचं पाणी शेवटचं कधी बदललं, ते विचारा. दुपारच्या गर्दीनंतर पाणी न बदलता रात्रीची ताटं त्यातच घालणं ही सर्रास चालणारी गोष्ट आहे. त्या पाण्याचा वास घ्या, आणि भांडी का निघत नाहीत हे विचारू नका. खरकटं आधी खरवडून, साध्या पाण्याच्या फवाऱ्यानं उडवूनच रॅक आत घालायचा. बेसन, पिठलं, अंडं आणि वाळलेला भात यांना थोडं भिजू द्या.

पण हे भिजवताना हातानं घासायचं लिक्विड वापरू नका. त्याचा फेस टाकीत उतरतो, पंप पाण्याऐवजी हवा ओढतो आणि पाण्याचा मार ढिला पडतो. पंपाचा आवाज घोगरा झाला, हूडखालून फेस बाहेर यायला लागला तर कारण बहुधा हेच. टाकी रिकामी करून पुन्हा भरण्याशिवाय इलाज नाही. टाकीचं पाणी पुरेसं न तापता मशीन चालवलं तरी फेस होतो, म्हणून सकाळी तापमान येईपर्यंत थांबा.

आता असा दोष, जो नव्या माणसाला कधीच सुचत नाही. जाळ्या साफ, भोकं साफ, डिटर्जंट बरोबर, पाणी गरम, तरी मार बसत नाही. आर्म आळसावल्यासारखे फिरतात. अशा वेळी विचारा: गेल्या काही दिवसांत विजेचं काम झालं का? महावितरणनं केबल बदलली, नवीन जनरेटर बसला, मेन पॅनेलमध्ये वायर हलवल्या? तीन फेजपैकी दोन एकमेकींच्या जागी आल्या की थ्री फेज मोटर उलटी फिरते. पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी फेकतोच, म्हणून मशीन चालू असल्यासारखं दिसतं. जोर मात्र नसतो.

ओळखायला सोपी खूण आहे. किचनच्या एक्झॉस्टचा ब्लोअरही थ्री फेज असेल तर तोही त्याच दिवसापासून धूर नीट ओढत नसेल. दोन्ही बिघडले असतील तर दोष मेन लाइनमध्ये आहे. जनरेटरवर असतानाच असं होत असेल तर चेंजओव्हरच्या (मेन लाइनवरून जनरेटरवर नेणाऱ्या स्विचच्या) जोडणीत. फक्त डिशवॉशरचंच झालं असेल तर मशीनच्या सप्लायमध्ये किंवा पंपाच्या टर्मिनलवर बघावं लागेल. वायरमननं फेज सिक्वेन्स मीटर लावून तपासायचं आणि कुठल्याही दोन फेज अदलाबदल करायच्या. काम दहा मिनिटांचं आहे, पण ते न सुचल्यामुळे चांगले पंप उतरवून दुरुस्तीला पाठवले जातात. सिंगल फेज पंप असलेल्या मशीनला हा प्रश्न नाही. तिथे मोटर नुसती गुणगुणत असेल आणि फिरत नसेल तर कपॅसिटर बघायला सांगा.

डोसिंग शेवटी बघा. डिटर्जंट आणि रिन्स एड (भांडी डाग न पडता लवकर सुकावीत म्हणून रिन्सच्या पाण्यात जाणारं द्रव) यांच्या नळ्या आपापल्या कॅनमध्येच आहेत ना? नळ्या बदलल्या गेल्या की फेस, ओघळ आणि हाताला चुरचुर, सगळं एकदम येतं. कॅनवर आणि नळीवर एकाच रंगाची टेप लावून टाका. नळीत हवेचे बुडबुडे दिसत असतील तर कॅन संपलाय किंवा डोसिंग पंपातली मऊ नळी चपटी झाली आहे. टाकीत प्रोब (डिटर्जंटचं प्रमाण ओळखणारा सेन्सर) असेल आणि त्यावर क्षार बसले असतील तर त्याला डिटर्जंट कमी आहे असं वाटत राहतं आणि तो ओततच राहतो. केमिकलचं बिल अचानक वाढलं तर प्रोब पुसून बघा.

पायरी ३: पांढरा थर नक्की कशाचा आहे?

इथे अंदाज करू नका, दोन मिनिटांची परीक्षा करा. डागावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस चोळा. गेला तर तो पाण्याचा खार, म्हणजे जड पाणी. नाही गेला तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयोडीनच्या द्रावणाचा थेंब टाका. निळाकाळा रंग आला तर तो स्टार्च, म्हणजे भात, बटाटा, पीठ यांचा रोजच्या रोज साचलेला थर. याचं मूळ मागच्या पायरीत आहे. तपासलेली प्लेट नीट धुऊन मगच वापरात घ्या. ओल्या फडक्यानं नुसतं पुसूनच डाग गेला तर पाण्यातले विरघळलेले क्षार आणि कमी पडलेलं रिन्स एड. आणि ग्लास कशानंच उजळला नाही, तर काच झिजली आहे. तो ग्लास परत चमकणार नाही.

खार निघाला तर सॉफ्टनरकडे, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राकडे चला. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात एकूण कठीणपणा २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. डिशवॉशरला मात्र साधारण १०० च्या आत लागतो, काहींना त्याहूनही कमी. म्हणजे बोअरचं किंवा टँकरचं पाणी पिण्याला चालण्यासारखं असलं तरी मशीनच्या बॉयलरला महिन्याभरात कवच चढवू शकतं.

सॉफ्टनर बसवलाय हे उत्तर पुरेसं नाही. मिठाच्या टाकीत मीठ आहे का? रिजनरेशन, म्हणजे मिठाच्या पाण्यानं सॉफ्टनर पुन्हा ताजा करणं, शेवटचं कधी झालं? बायपासचा वॉल्व्ह उघडा राहिलाय का? कठीणपणा तपासायच्या पट्ट्या स्वस्त मिळतात. पट्टी सॉफ्टनरच्या आधीच्या पाण्यात एक आणि नंतरच्या पाण्यात एक बुडवा. दोन्हींचा रंग सारखाच आला तर सॉफ्टनर नुसता शोभेला उभा आहे. टँकर बदलला की पाणीही बदलतं, म्हणून उन्हाळ्यात ही चाचणी जास्त वेळा करा. सॉफ्टनर कठीणपणा घालवतो, विरघळलेले सगळे क्षार काढत नाही. बारमध्ये ग्लास आरशासारखे हवे असतील तर रिन्सला आरओचं पाणी लागतं.

खार काढायला मशीनसाठीचं डीस्केलर वापरा, डबीवरच्या प्रमाणात. आधी डिटर्जंटची नळी कॅनमधून बाहेर काढा. संडास साफ करायचं ॲसिड टाकीत ओतायचा मोह टाळा: त्यातल्या क्लोराइडनं स्टीलला बारीक खड्डे पडतात. आणि कुठलंही ॲसिड ब्लीच किंवा क्लोरीनच्या डिटर्जंटला भेटलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद किचनमध्ये हा प्रकार जिवावर बेततो.

पायरी ४: भांडी थंड आणि ओली

पॅनेलवर ८५ दिसतंय म्हणून प्लेटपर्यंत ८५ पोचतंय असं नाही. तो आकडा बॉयलरमधल्या सेन्सरचा. प्लेटला चिकटवायची तापमानाची पट्टी मिळते, ७१ अंशांला काळी पडणारी. ती एका प्लेटवर लावून सायकल चालवा. ती काळी झाली नाही तर प्लेटचा पृष्ठभाग पुरेसा तापलेला नाही आणि जंतू मरण्याची खात्री नाही. रिन्सची भोकं फार बारीक असतात आणि खार पहिला तिथेच बसतो. ती आधी साफ करा.

मग रिन्सचं पाणी मोजा. टाकी काठोकाठ भरलेली असताना रिन्स झालं की तेवढंच पाणी ओव्हरफ्लोवरून बाहेर पडतं. ड्रेनची नळी हाताला लागत असेल तर एका सायकलचं ते पाणी बादलीत धरा आणि मापानं मोजा. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा खूप कमी असेल तर दाब कमी आहे, किंवा इनलेट वॉल्व्हची बारीक जाळी गाळानं भरली आहे. खूप जास्त असेल तर बॉयलर इतकं पाणी तापवू शकत नाही, म्हणून ते थंड येतं.

दाबाचं गणित आपल्याकडे नेहमी चुकतं. बऱ्याच मशीनना पाणी वाहत असताना सुमारे २ बार दाब लागतो. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब जेमतेम १ बार. म्हणजे दुमजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी आणि तळमजल्यावरचं किचन एवढ्या जोरावर हे भागत नाही. एकतर प्रेशर पंप हवा, किंवा आतच रिन्सचा पंप असलेलं मशीन हवं. गेजवर दाब बघताना नळ बंद असतानाचा आकडा धरू नका; रिन्स चालू असतानाचा धरा.

आता बॉयलर. ३० अंशांचं ३ लिटर पाणी ८५ पर्यंत न्यायला ९ किलोवॉटच्या हीटरला साधारण ७७ सेकंद लागतात. तीनपैकी एक एलिमेंट गेलं तर उरलेल्या ६ किलोवॉटला जवळजवळ ११५ सेकंद. पुष्कळ मशीन तापमान आल्याशिवाय रिन्स सोडत नाहीत, धुणं लांबवत राहतात. म्हणून ‘मशीन आजकाल वेळ लावतं’ ही तक्रार आली की टायमर बदलायला निघू नका, बॉयलर तपासा. पहिल्या पायरीत वेळ मोजायला सांगितली ती यासाठीच. मशीनला सोलरचं गरम पाणी जोडलं असेल आणि सायकल फक्त जुलै-ऑगस्टमध्ये लांबत असेल, तर मशीनमध्ये काहीच बिघडलेलं नाही. ढग आहेत.

वायरमनला विचारायचे प्रश्न असे. तिन्ही फेज मशीनपर्यंत येतात का? क्लॅम्प मीटरनं हीटरच्या तिन्ही वायरींवर सारखा करंट दिसतो का? ९ किलोवॉटला प्रत्येक फेजवर साधारण १३ अँपिअर यायला हवेत. एकीवर शून्य असेल तर एलिमेंट, काँटॅक्टरचा पॉइंट किंवा ती फेजच गेली आहे. मेन बंद करून आणि वायर सोडवून ३ किलोवॉटच्या, २३० व्होल्टच्या एलिमेंटचा रोध मोजला तर तो १७-१८ ओहमच्या आसपास येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर एलिमेंट तुटलेलं आहे.

तिन्ही एलिमेंट ठीक आहेत आणि तरी पाणी हळू तापतं, तर त्यांच्यावर केटलीच्या बुडाला धरतो तसा खार चढलेला असतो. सॉफ्टनर दुरुस्त न करता नवीन एलिमेंट टाकणं म्हणजे पुढच्या एलिमेंटची ऑर्डर आत्ताच देणं.

बॉयलरला एक सेफ्टी कटआउट असतो, बहुधा लाल बटणाचा. तो एकदा दाबून बघायला हरकत नाही. पुन्हा उडाला तर परत दाबू नका; बॉयलर कोरडा पडतोय किंवा काँटॅक्टर चिकटून राहिलाय. आरसीसीबी (विजेची गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) पडत असेल तर एलिमेंटचं इन्सुलेशन गेलेलं असण्याची शक्यता मोठी. आरसीसीबी काढून थेट जोडणी करून ‘आजची पार्टी निभावू’ असं कुणी म्हणालं तर ओल्या फरशीवर उभं राहणारा माणूस तुम्ही आहात हे त्याला सांगा.

सर्व्हिसला फोन करताना

‘मशीन धूत नाही’ एवढंच सांगितलं तर मेकॅनिक रिकाम्या हातानं येतो आणि पार्ट आणायला परत जातो. मॉडेल आणि सीरियल नंबर, टाकी आणि बॉयलरचं तापमान, सायकलचा वेळ, रिन्सचं पाणी किती लिटर, कठीणपणाच्या पट्टीचा रंग, पॅनेलवरचा एरर कोड आणि दोष कधीपासून, हे फोनवरच सांगा. एरर कोडचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, म्हणून दुसऱ्या मशीनचा तक्ता लावू नका. फोटो पाठवता आला तर उत्तम.

तोवर भांडी थांबत नाहीत. तीन सिंक मोकळी करा: पहिल्यात गरम पाणी आणि लिक्विड, दुसऱ्यात स्वच्छ पाणी, तिसऱ्यात निर्जंतुक करायचं पाणी. तिसऱ्याला दोन मार्ग आहेत. ७७ अंशांच्या पाण्यात भांडी जाळीच्या टोपलीतून ३० सेकंद बुडवायची, किंवा क्लोरीनचं १०० पीपीएमचं (लिटरला १०० मिलिग्रॅम) पाणी करायचं. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असेल तर ते प्रतिलिटर २ मिलिलिटर, म्हणजे २० लिटरच्या सिंकला ४० मिलिलिटर. पाणी गढूळ झालं की क्लोरीन निकामी होतं, तेव्हा ते बदला. भांडी फडक्यानं पुसू नका, स्टँडवर उभी करून वाऱ्यावर सुकवा, आणि तांब्या-पितळेची किंवा चांदीची भांडी या पाण्यात घालू नका.